दुर्बिणीच्या छोट्या माउंटवर (तिला ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या आधारावर) किती वजन चढवावं?

माउंटवर ५ किलो क्षमता लिहिली असेल, तर फोटोग्राफीसाठी अडीच-तीन किलोवर थांबा. दुर्बीण, कॅमेरा, गाइडस्कोप (ताऱ्यावर नजर ठेवणारी छोटी दुर्बीण), रिंगा सगळं धरून. काउंटरवेट (तोल साधणारं वजन) मात्र यात मोजू नका. लांब नळी वाऱ्यात जास्त हलते, म्हणून उघड्या गच्चीवर आखूड नळीच बरी.

सोलापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर. माउंटचा अक्ष त्याच्याकडेच रोखायचा असतो; तो इतका आडवा झाला की काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला आपटतं. ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये एक्स्टेन्शन पिलर (उंची वाढवणारा खांब) घाला. पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवली की गिअरचे दाते एकमेकांना टेकून राहतात, गाइडिंग (एक तारा धरून माउंटची चाल सुधारत राहणं) उड्या मारत नाही.

कॅमेऱ्याचा ३.७६ मायक्रॉन पिक्सेल, दुर्बिणीची ४०० मिमी फोकल लेंग्थ: पिक्सेलमागे १.९४ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). अशा वेळी गाइडिंगची आरएमएस (एक प्रकारची सरासरी) चूक १ आर्कसेकंदाच्या आसपास असली तर तारे गोल येतात.