लग्नात अर्कचित्रं काढायला बसण्याआधी

अर्कचित्राच्या, म्हणजे कॅरिकेचरच्या धंद्यात गिऱ्हाईक एक नसतं, तिघं असतात. चेहरा एकाचा, पैसे दुसऱ्याचे आणि मागे उभं राहून हसणारे तिसरेच. मी पुण्यात बरीच वर्षं लग्नं, कंपन्यांचे फॅमिली डे, निवृत्तीच्या भेटी आणि दिवाळी अंक यांवर घर चालवते. नव्या मुलामुलींचे फोन येतात ते बहुतेक 'ब्रश पेन कुठलं वापरता?' एवढंच विचारायला. ते आधी सांगून टाकते. पेंटेलचं ब्रश पेन घ्या, नाहीतर चपट्या टोकाचा काळा मार्कर. कागद ए-४, १३० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). त्याहून पातळ घेतलात तर शाई मागे उतरते. अप्पा बळवंत चौकात गठ्ठ्यानं मिळतो. आणि क्लिपचा एक छोटा दिवा स्वतःचा ठेवा. डीजेच्या निळ्या-जांभळ्या उजेडात माणसाच्या नाकाची सावली कुठेही पडते आणि तुम्ही सावलीचंच चित्र काढून बसता.

आता दर. चेहऱ्यावर दर लावू नका, तासावर लावा. काळं-पांढरं, खांद्यापर्यंतचं चित्र पाच मिनिटांत होतं. म्हणजे तासाला दहा-बारा चेहरे. रंग हवे असतील तर निम्मे धरा. हा हिशोब यजमानांना व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवा, कारण त्यांच्या डोक्यात तीनशे पाहुणे असतात आणि तुम्ही तीन तासांत तीस-पस्तीसच करणार. उरलेले पाहुणे यजमानांवर चिडत नाहीत, तुमच्यावर चिडतात. म्हणून चित्रासाठी नंबराची कूपनं यजमानांनाच वाटायला लावायची आणि शेवटच्या अर्ध्या तासाची कूपनं छापायचीच नाहीत. त्या अर्ध्या तासात नवरदेवाचे मामा येतात. मामांना कूपन माहीत नसतं. निम्मी रक्कम आधी घ्या आणि तुमचं पान कुठल्या पंगतीला वाढणार तेही विचारून ठेवा. बुफे असला तरी नऊ वाजता उठू देत नाहीत.

खुर्ची मांडताना समोरच्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील हे बघा. खालून पाहिलेला माणूस सगळा हनुवटीच होतो. तुमची पाठ भिंतीला हवी, नाहीतर मागचे काका 'नाक अजून मोठं करा' सुरू करतात. पण चित्र पूर्ण झाल्यावर ते आधी गर्दीकडे वळवा. गर्दी हसली की चेहऱ्याचा मालकही हसतो. त्याला आधी एकट्याला दाखवलंत तर तो आरशाशी ताडून बघायला लागतो.

काढायला घेताना नाकामागे लागू नका. साम्य अवयवात क्वचित असतं, ते अंतरांत असतं: दोन डोळ्यांमधलं, नाकाच्या शेंड्यापासून वरच्या ओठापर्यंतचं, ओठापासून हनुवटीपर्यंतचं. पहिलं अर्धं मिनिट फक्त बोला. 'कुठून आलात, मुलाकडचे की मुलीकडचे?' उत्तर देताना चेहरा हलतो, भुवया कशा चढतात ते कळतं, फोटोसाठीचं हसू गळून पडतं. मग डोळे आणि नाक एका दमात टाका, बाकीचं त्याभोवती बसवा. एक गोष्ट वाढवली की दुसरी घटवावीच लागते. जबडा मोठा हवा तर कपाळाला कात्री लावा. सगळंच फुगवलं तर नुसतं मोठं डोकं मिळतं, माणूस नाही.

मराठी लग्नात खरी परीक्षा फेट्याची. फेटा बांधला की कपाळ गेलं, केसांची रेषा गेली, टक्कल गेलं, बरेचदा कानांचा वरचा भागही गेला. अख्खी वरात एकाच कुटुंबातली दिसते. अशा वेळी भुवयांपासून खालचा चेहराच तुमच्या हाती असतो. गाल, मिशी, दात आणि ओठांमधली फट, मानेची जाडी यांवर लक्ष ठेवा आणि फेटा सर्वांत शेवटी, लहान काढा. नवे लोक नेमके उलट करतात: सुंदर फेटा, तुऱ्यासकट, आणि त्याखाली कोणीतरी. नवरीच्या नथीचंही तसंच. मोठी नथ वरच्या ओठावर येते, म्हणून ओठ आधी पूर्ण काढा आणि नथ नंतर त्यावर चढवा. मुंडावळ्या तर दोन रेषांत होतात.

काय वाढवायचं नाही, हे पैसे देणाऱ्याला आधीच विचारा. माझे स्वतःचे नियम तीन: अंगाचा रंग, वजन आणि नवरीचे दात. माणूस स्वतःच्या टकलावर स्वतःहून विनोद करत असेल तर टक्कल चालतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना हात राखूनच काढा, त्यांच्या चेहऱ्यावरच्या मुरुमांना तर बिलकुल शिवू नका.

निवृत्तीची भेट हे निवांत काम आणि मला लग्नापेक्षा आवडतं. पैसे ऑफिसच्या वर्गणीचे, चेहरा साहेबांचा आणि साहेबांना पत्ताच नाही. इथे फोटोपेक्षा ऑफिसातल्यांना विचारलेले प्रश्न कामाला येतात. साहेब कुठली गाडी चालवतात, डब्यात रोज काय असतं, मीटिंगमध्ये कुठलं वाक्य घोळवतात, कशाला घाबरतात? ज्या उत्तरावर फोनवर दोघं-तिघं एकदम हसतात, तेच चित्रात जातं. फोटो पासपोर्टचा नको. हसतानाचा एक, बाजूनं एक आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला, नाहीतर निम्मे बारकावे दाबले जातात. आयपॅडवर काढणार असाल तर फाईल छपाईच्या मापात, ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) सुरू करा. नंतर ताणून मोठी केलेली रेष लगेच कळते.

इथेच कायद्याची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, ते काढायला सांगणारा असतो, चित्रकार नव्हे. म्हणून कोटेशनमध्येच एक ओळ घाला: हक्क माझ्याकडे, तुम्हाला भेट देण्यापुरता आणि लावण्यापुरता वापर. उद्या कंपनीनं तेच चित्र कॅलेंडरवर छापलं तर बोलायला जागा राहते. हक्क लिहून दिलेच तर मुदत आणि प्रदेशही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. कंपनीकडून व्यावसायिक मानधन वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की दहा टक्के टीडीएस कापून येतं. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का, हे आयकराच्या पोर्टलवर स्वतः बघा.

दिवाळी अंकांत हसणारा माणूस समोर नसतो, म्हणून ते सगळ्यात अवघड. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं समोर ठेवून एक अभ्यास करा: डोळा आधी कुठे जातो आणि गंमत किती उशिरा सापडते ते बोटानं दाखवा. शब्द नसतात, तरी क्रम ठरलेला असतो. त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रं काढली. तिथे पोरानं हसायचंही आणि बेरीज वजाबाकीही समजायची. विनोद सुचत नसेल तर एक जागा घ्या, समजा सोसायटीची लिफ्ट किंवा रेशन दुकान, आणि तिथे असणाऱ्या वस्तूंची यादी करा. मग त्यातली एक वस्तू भलत्या माणसाच्या हातात द्या. दहा कच्च्या आराखड्यांतून एखादा उभा राहतो.

संपादकांची पत्रं मे-जूनमध्ये येतात, चित्रं ऑगस्टपर्यंत द्यायची असतात. म्हणजे भर पावसात फराळावर विनोद शोधायचा. कुठलं चित्र कोणाला पाठवलं याची वही ठेवा. एकच विनोद दोन अंकांत छापून आला तर दोन्ही दारं बंद होतात. मानधनाची आठवण देव दिवाळीच्या सुमारास करा. आधी केलीत तर जाहिरातींचे पैसे यायचेत म्हणतात, आणि फार उशिरा केलीत तर पुढच्या अंकाला काय देताय, ते विचारतात.