अंगणात खड्डा पाडा, कुदळीशिवाय

दिवाळीला आमच्या फोंड्याच्या घरासमोर मी दरवर्षी एक खड्डा काढतो. रांगोळीचा. एक मीटर लांब-रुंद, दिसायला अर्धा मीटर खोल, आत चिऱ्यांचे थर. माणसं वळसा घालून जातात. मांजर सरळ त्यावरून चालतं.

सामान म्हणजे रांगोळी, कोळशाची पूड, खडू, सुतळी. अंगण झाडून घ्या.

आता सल्ल्यांविषयी. ‘थ्रीडी रांगोळी’ शिकवणारे बहुतेक जण म्हणतात, मोठ्या चौकोनात छोटा चौकोन काढा आणि कोपरे जोडा. मी दोन वर्षं तेच केलं आणि दोन्ही वर्षी खोक्याचं चित्र मिळालं. तसा खड्डा बरोबर वरून पाहिला तरच दिसतो, आणि रांगोळी बघायला माडावर कुणी चढत नाही.

बघणारा कुठे उभा आहे, हे आधी ठरवायचं. डोळ्याच्या पडद्यावर उमटणारं चित्र सपाटच असतं. खोली मेंदू अंदाजाने भरतो. खऱ्या खड्ड्यातून डोळ्याकडे ज्या दिशांनी प्रकाश येईल, त्याच दिशांनी तो रांगोळीतून आला की मेंदू फसतो. पण फक्त त्या एका जागेवरून. रोमच्या सेंट इग्नेशियस चर्चमध्ये आंद्रेआ पोझोने १६८५ मध्ये सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला. तो कुठून पाहायचा, यासाठी तिथे जमिनीवर खूण आहे. आपली खूण म्हणजे पाट.

पाटाच्या जागी खडूने एक ठिपका द्या. तिथून दोन मीटरवर, समोरासमोर, एक मीटरचा चौकोन आखा. हा खड्ड्याचा काठ. तो खराखुरा चौकोनच हवा, लांबवायचा नाही. मग कुणाला तरी सुतळीचं टोक ठिपक्यावर दाबून धरायला सांगा आणि सुतळी लांबच्या एका कोपऱ्यापर्यंत ताणा. तेवढ्या सुतळीच्या चार घड्या करा. ठिपक्यापासून तीन घड्यांवर, त्याच रेषेत, खड्ड्याचा तळाचा कोपरा. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच. हे दोन बिंदू आडव्या रेषेने जोडा, आणि त्या दोन्हींपासून तुमच्याकडे, चौकोनाच्या बाजूंना समांतर, जवळच्या काठापर्यंत रेषा आणा. काठ ओलांडायचा नाही. जवळची भिंत खऱ्या खड्ड्यातही दिसत नसते. तळाची पट्टी जेमतेम २५ सेंटीमीटरची निघेल. ‘एवढीच?’ म्हणून ती वाढवू नका. मी एकदा वाढवली होती. खड्ड्याची परात झाली.

चिऱ्यांचे थर समान वाटणं ही दुसरी चूक. दोन थर दाखवायचे तर काठाचा लांबचा कोपरा आणि तळाचा कोपरा जोडणाऱ्या ७६ सेंटीमीटरच्या तिरक्या रेषेवर वरच्या थराला ४३ आणि खालच्याला ३३ द्या. चिऱ्यांचे उभे सांधे सगळे ठिपक्याच्या दिशेने. एकही सांधा भलतीकडे वळला तर भिंत कलते.

उंचीची चिंता नको. १५० सेंटीमीटरवर डोळे असणाऱ्याला खड्डा ५० सेंटीमीटर खोल दिसतो, १२० वाल्या पोराला ४०, पण दिसतो खड्डाच. पाय मात्र ठिपक्यावरून सरकता कामा नयेत. डोळे ठिपक्याच्या बरोबर वर हवेत. पुढे वाकून बघणाऱ्यांना सरळ उभं करा.

छाया: प्रकाश ज्या बाजूने येतो त्या बाजूची भिंत काळी, समोरची उजळ, तळ सर्वांत काळा. उलट केलंत तर खड्ड्याचा उंचवटा होतो, कारण प्रकाश वरून येतो हे मेंदूने धरूनच ठेवलेलं असतं. कोळशाची पूड चिमटीने नको, चाळणीने टाका.

दोन-तीन मीटरवर दोन्ही डोळे मिळून जमीन सपाट असल्याची चुगली करतात. म्हणून पाहुण्यांना एक डोळा मिटायला सांगा, नाहीतर पाटावरून फोटो काढा. कॅमेऱ्याला डोळा एकच.

पाट फाटकाजवळ ठेवा, उंबऱ्यापाशी नको. एका वर्षी मी उंबऱ्यापाशी ठेवला होता. फराळाच्या वेळी आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सहा कपांचे चार उरले.