कोळशाच्या थरातला मिथेन काढायचा तर आधी स्टँडपाइप सांभाळा

भाचा पुढच्या महिन्यात नाशिकहून झारखंडातल्या झरियाला रुजू होतोय, तेही गॅसवाल्या कोळसा खाणीत. फोनवर किती सांगणार, म्हणून लिहून काढतोय. त्या पट्ट्यात मी व्हेंटिलेशनचंच काम केलं. त्याच वाटेने जाणाऱ्या इतर पोरांनीही वाचावं.

पहिलं म्हणजे, विहिरीची सवय इथेच ठेवून जा. निफाड-सिन्नरकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात; विझला तर उतरत नाहीत. खाणीत उघडी ज्योत न्यायचीच नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की स्फोट होतो, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जोराचा. हा वायू हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, त्यामुळे छताखाली थर धरून बसतो. मिथेनोमीटर, म्हणजे मिथेनची टक्केवारी दाखवणारं यंत्र, कमरेला लटकवून काही कळत नाही, ते छतापर्यंत वर धरायचं. सव्वा टक्का दिसला की वीज बंद आणि माणसं बाहेर. तिथे उत्पादनाची घाई कुणीही दाखवली तरी ऐकायचं नाही.

कोळशाच्या टनामागे १० घनमीटरपेक्षा जास्त वायू सोडणारा थर आपल्या नियमांत तिसऱ्या दर्जाचा, म्हणजे सगळ्यात जास्त वायूवाला. तिथे नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये. मिथेन कोळशाच्या बारीक छिद्रांत दाबाखाली धरलेला असतो, दाब उतरला की सुटतो. म्हणून कापणीच्या बऱ्याच आधी थरात लांब भोकं घेऊन त्याला वाट करून द्यायची.

आधी मोठ्या व्यासाचं भोक काही मीटर घ्यायचं. त्यात स्टँडपाइप, म्हणजे भोकाच्या तोंडाशी पक्का बसणारा पाइप, बसवून भोवती सिमेंटचं ग्राउट भरायचं. ते पक्कं झालं की पाण्याचा दाब देऊन तपासायचं. मग व्हॉल्व्ह लावून त्याच्या आतूनच पुढचं भोक घ्यायचं, म्हणजे वायू उसळला तरी तोंड बंद करता येतं. भोक किंचित चढतं ठेवलं तर पाणी आपोआप बाहेर येतं.

सगळं काम या स्टँडपाइपवर उभं आहे. ग्राउट नीट बसलं नाही किंवा भोवतीच्या कोळशाला भेगा असल्या, की स्टँडपाइपला जोडलेल्या पाइपातून वायू खेचणारा पंप वायूऐवजी बोगद्यातली हवा ओढतो. पाइपात ९० टक्के मिथेन असेल तर तो पेटत नाही, कारण पेटायला पुरेशी हवाच नसते. हवा शिरत शिरत तो १५ कडे उतरला, की स्फोटाचं मिश्रण पाइपातच तयार. बऱ्याच ठिकाणी ३० टक्के ही सावधगिरीची खालची रेघ मानतात. वायू कमी आला की ‘पंपाची ओढ वाढवा’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. आधी टक्केवारी बघ. ती घसरत असेल तर ओढ वाढवल्याने हवाच जास्त येणार.

गळती शोधायला सांध्यावर साबणाचा फेस लाव. घरच्या सिलिंडरसारखे बुडबुडे फुगणार नाहीत, फेस आत खेचला जाईल. कान लावलास तर बारीक शिटीही ऐकू येईल. पाइपातली ओढ दाखवणाऱ्या मॅनोमीटरचं पाणी वरखाली हेलकावत असेल, तर पाइपाच्या खोलगट भागात पाणी साचलंय असं समज आणि तिथला वॉटर ट्रॅप (पाणी साठवणारं भांडं) रिकामा कर.

वर पंपघरात फ्लेम अरेस्टर, म्हणजे पाइपातून ज्वाला पुढे जाऊ न देणारी जाळी, असतो, त्याची तपासणी चुकवू नकोस.

रजिस्टरमध्ये मुख्य पाइपाचा एकच आकडा लिहून मोकळा होऊ नकोस. चार चांगल्या भोकांत एखादं फुटकं झाकून जातं. प्रत्येक भोकाची टक्केवारी वेगळी घे, घसरलेल्याचा व्हॉल्व्ह बंद कर आणि पुढच्या पाळीला त्याचा नंबर तोंडीही सांगून ये.