मुलीच्या रंगाची चर्चा घरातून बाहेर कशी काढावी

‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य आपल्याकडे कौतुक म्हणून उच्चारले जाते, त्यामुळे त्यातला ‘पण’ त्या मुलीखेरीज कोणालाच टोचत नाही. सुरुवात या शब्दापासून करावी. आठ-दहा दिवस आपल्याच घरातले बोलणे कान देऊन ऐकावे: बाळ गोरे व्हावे म्हणून गरोदर सुनेपुढे ठेवलेले केशराचे दूध, ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ ही ताकीद (भावाला ती क्वचितच मिळते), ‘हा रंग तुला शोभणार नाही’ म्हणून दुकानात परत ठेवलेला पिवळा कुर्ता. यांतले आपण स्वतः किती बोलतो हे एकदा उमगले, की जाहिरातींना दोष देण्याची घाई कमी होते.

नातेवाइकांपैकी कोणी रंगावरून बोलले, तर मुलीची बाजू घेण्याच्या भरात ‘सावळी असली तरी हुशार आहे’ असे म्हणू नये, कारण रंग ही उणीव आहे हे त्यात आपणच कबूल केलेले असते. ‘मावशी, तिच्या रंगाचा विषय नको,’ एवढेच शांतपणे म्हणावे, आणि तेही मुलीच्या देखत.

लग्नाच्या परिचयपत्रातला ‘वर्ण’ हा रकाना सरळ गाळावा. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी ही उतरंड असून त्यातला ‘गव्हाळ’ इतका सोयीचा झाला आहे, की सावळ्या मुलीही त्याच्याच आडोशाला उभ्या केल्या जातात. ‘शादी डॉट कॉम’ने 2020 मध्ये लोकांनी आक्षेप घेतल्यावर रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली, आणि 1975 पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ही त्याच वर्षी गेला; मग घरच्या कागदावरची एक ओळ खोडणे काही अवघड नाही. वधूवर सूचक मंडळाच्या छापील अर्जात रकाना असेल तर आडवी रेघ मारावी. फोटो काढणाऱ्याला चेहरा उजळ करू नका असे आधीच बजावावे, नाहीतर कांदेपोह्यांच्या दिवशी मुलीचा खरा चेहराच खोटा ठरतो.

मुलगी आधीपासून गोरेपणाचे क्रीम लावत असेल, तर रागावून ट्यूब फेकू नये. तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावीत हा नियम सरकारने 2018 मध्ये कडक केला, तरी ओळखीच्या दुकानात ती सहज मिळतात. महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, पुरळ उठते, चेहऱ्यावर केस वाढतात. आणि एकदम थांबवल्यास चेहरा लालबुंद होऊन अशी आग होते, की मुलगी पुन्हा त्याच ट्यूबकडे वळते. म्हणून ते थांबवणे त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे.

याहून घातक म्हणजे उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी आणि बॅच क्रमांक यांपैकी काहीही नसलेली डबी. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. तो मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, तयार होऊ देत नाही, त्यामुळे चेहरा खरोखर उजळतो आणि विश्वास बसतो. मात्र तोच पारा त्वचेतून रक्तात आणि पुढे मूत्रपिंडांत पोहोचतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतल्या 15 जणांत या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. भारतातल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत राहिलेलाही दहा लाखांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही.

अशी डबी वापरात असेल तर ती तात्काळ थांबवावी. पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली असेल, लघवीला फेस येत असेल, तर लघवीतील प्रथिनांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी, आणि डॉक्टरांकडे जाताना ती डबी, रिकामी झालेली असली तरी, सोबत न्यावी.