घरच्या फाइल सर्व्हरसाठी मदरबोर्ड आणि कंट्रोलर: आधी लेन मोजा, मग पोर्ट

मदरबोर्ड घेताना सगळे साटा पोर्ट (डिस्कची केबल लागते ती जागा) मोजतात. खरा हिशोब पीसीआय एक्सप्रेसच्या लेनचा, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या डेटाच्या वाटांचा असतो. पोर्ट कमी पडले तर कार्ड लावून वाढवता येतात. पण कार्डाला स्लॉटच नसेल, किंवा स्लॉट असून त्यात लेन नसतील, तर अख्खा बोर्ड बदलावा लागतो.

सुरुवात डिस्कच्या संख्येपासून करा. आज चार लागणार असतील तर सहाचा विचार करा आणि सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी वेगळी धरा. मग वेगाचा हिशोब. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला साधारण ११० एमबी येतात, २.५ गिगाबिटवरून २८० च्या आसपास. आजची ३.५ इंची डिस्क एकटीच २०० ते २५० एमबी देते. म्हणून रोज फाइली चढवता-उतरवताना कंट्रोलर (डिस्क सिस्टिमला जोडणारी चिप किंवा कार्ड) सुमार असला तरी कळत नाही. कळतं ते स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालू असताना, किंवा एक डिस्क गेल्यावर बाकीच्यांवरून नवी भरताना, कारण तेव्हा सगळ्या डिस्क एकदम, पूर्ण वेगाने वाचल्या जातात.

आठ डिस्क गुणिले २५०, म्हणजे २,००० एमबी. पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन ५०० एमबी वाहते, ३.० ची ९८५, ४.० ची सुमारे १,९७०. आठ डिस्क ३.० च्या एका लेनमागे बसवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सव्वाशेसुद्धा येत नाहीत. १६ टीबीची डिस्क २०० च्या वेगाने भरायला २२ तास लागतात, १२० च्या वेगाने ३७. हे वाढीव पंधरा तास उरलेल्या डिस्क सुट्टी न घेता राबत असतात, आणि त्यांतली आणखी एक गेली तर काय, हा प्रश्न तेवढाच लांबतो. आठ डिस्कसाठी ३.० च्या चार लेन भरपूर झाल्या. कार्ड ३.० चं आणि स्लॉट २.० चा असेल तर दोघांतला कमी वेग मिळतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

बोर्डाचं मॅन्युअल विकत घेण्याआधी वाचा

कंपनीच्या साइटवर मॅन्युअल फुकट मिळतं. त्यातली ब्लॉक डायग्राम शोधा. नसेल तर स्लॉटच्या तक्त्याखालच्या बारीक टिपा वाचा. ‘एम.२ चा दुसरा स्लॉट वापरल्यास साटा ५ आणि ६ बंद’ अशी ओळ तिथेच दडलेली असते. सहा पोर्टांचा बोर्ड एम.२ स्लॉटमध्ये एक एनव्हीएमई एसएसडी लावली की चार पोर्टांचा होतो तो असा.

दुसरी गोष्ट स्लॉटची लांबी. लांबलचक एक्स१६ (सोळा लेनचा) स्लॉट दिसतो, पण आतून तो एक्स४ किंवा एक्स१ सुद्धा असू शकतो. बोर्ड हातात असेल तर स्लॉटमध्ये टॉर्च मारून पाहा: पितळी पट्ट्या अर्ध्या लांबीच्या आतच संपल्या तर लेन चार किंवा त्याहून कमी आहेत. तिसरी गोष्ट, तो स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलाय की चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या बाकीच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपला. चिपसेटमागचे साटा पोर्ट, एम.२, नेटवर्क, यूएसबी हे सगळे प्रोसेसरकडे एकाच सामायिक वाटेने जातात. ग्राफिक्स कार्ड लावायचं नसेल तर प्रोसेसरजवळचा एक्स१६ स्लॉट कंट्रोलरला द्या, म्हणजे वाद मिटला. त्यासाठी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला बरा, नाहीतर इन्स्टॉल करताना पडद्यावर काहीच दिसणार नाही.

ईसीसी मेमरी (चूक ओळखून दुरुस्त करणारी) घेता आली तर जरूर घ्या, पण नुसती ईसीसी पट्टी लावून ईसीसी चालू होत नाही. प्रोसेसर, चिपसेट आणि बोर्ड तिघांचीही साथ लागते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरसाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. एएमडीच्या रायझनवर बोर्डाच्या कंपनीने तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. एएम४ सॉकेटवर ग्राफिक्सवाल्या रायझनपैकी फक्त ‘प्रो’ मॉडेलवर ईसीसी चालते. पट्टी अनबफर्ड हवी, सर्व्हरमधून निघालेली स्वस्त रजिस्टर्ड पट्टी या बोर्डांवर चालत नाही. आणि डीडीआर५ च्या चिपमध्ये आपली-आपली जी दुरुस्ती असते तिला पूर्ण ईसीसी समजू नका. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही.

कंट्रोलर

बोर्डावरचेच पोर्ट पुरत असतील तर कार्ड घेऊच नका. वीज वाचते, बिघडणारी एक वस्तू कमी होते. दोन ते सहा पोर्ट कमी पडत असतील तर एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टांचं किंवा जेएमबी५८५ चं पाच पोर्टांचं कार्ड पाहा. दोन्ही ३.० च्या दोन लेनवर चालतात, वीज कमी खातात. फक्त ते एक्स१ स्लॉटमध्ये खुपसू नका, लेन निम्म्या होतात.

टाळायचं ते एक्स१ च्या कार्डावर दहा, सोळा, वीस पोर्ट असलेलं प्रकरण. त्यावर एका पोर्टाचे पाच करणारे पोर्ट मल्टिप्लायर असतात. त्यामागची एक डिस्क अडखळली की सिस्टिम ती वाट रीसेट करते आणि तिच्याबरोबर शेजारच्या चारही क्षणभर गायब होतात. झेडएफएसला किंवा एमडी-रेडला (अनेक डिस्क एकत्र चालवणारी सॉफ्टवेअर) एकदम पाच डिस्क गेल्यासारखं दिसतं आणि पूल, म्हणजे डिस्कचा तो एकत्र साठा, बंद पडतो.

आठ किंवा जास्त डिस्कसाठी एसएएस एचबीए घ्या, म्हणजे सर्व्हरमधल्या एसएएस जोडणीचं, डिस्क जोडायचं कार्ड. एलएसआयचं ९२११-८आय (चिप एसएएस२००८) पीसीआय एक्सप्रेस २.० चं आहे, ९२०७-८आय (एसएएस२३०८) ३.० चं, ९३००-८आय (एसएएस३००८) ३.० चं आणि १२ गिगाबिट एसएएसचं. फिरत्या डिस्कसाठी ९२०७ पुष्कळ झालं. साटा डिस्क एसएएस कार्डावर चालते; एसएएस डिस्क साटा पोर्टावर चालत नाही. साटा एसएसडी मात्र बोर्डाच्या पोर्टावरच लावा, कारण या कार्डांमधून ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) सगळ्या एसएसडींना पोचत नाही.

फर्मवेअर (कार्डातलं सॉफ्टवेअर) ‘आयटी मोड’चं हवं, म्हणजे कार्ड डिस्क जशीच्या तशी सिस्टिमच्या हाती देतं. डिस्क स्वतःच एकत्र करणारं रेड कार्ड मध्ये बसलं की स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदींची) माहिती झाकली जाते, आणि कार्ड मेलं तर तसंच दुसरं मिळेपर्यंत डिस्क वाचता येत नाहीत. ९२११ वर २०.००.०७.०० ही आवृत्ती घाला. याच मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी लोकांचा डेटा बिघडवला आहे. फ्लॅश करताना डिस्क काढून ठेवा आणि कार्डाच्या स्टिकरवरचा एसएएस पत्ता आधी टिपून घ्या, तो परत घालावा लागू शकतो.

केबलमध्ये हमखास चूक होते. ९२११ आणि ९२०७ ला एसएफएफ-८०८७ लागते, ९३०० ला एसएफएफ-८६४३. एका टोकाला हा प्लग आणि दुसऱ्या टोकाला चार साटा, अशी ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’ घ्या. ‘रिव्हर्स’ केबल हुबेहूब तशीच दिसते, पण ती उलट दिशेची असते आणि तिच्यावर एकही डिस्क दिसत नाही. कार्ड फेकण्याआधी केबलवरचं लेबल वाचा.

ही कार्डं सर्व्हरच्या सोसाट्याच्या हवेसाठी बनलेली असतात. शांत कॅबिनेटमध्ये हीटसिंकला बोट लावता येत नाही इतका तो तापतो, आणि तापलेलं कार्ड स्क्रबच्या मध्यातच डिस्क सोडायला लागतं. ४० मिमीचा एक पंखा थेट हीटसिंकवर बसवा. वीज १० वॅटच्या आसपास जाते. शिवाय अशी अनेक कार्डं प्रोसेसरला गाढ झोपेत जाऊ देत नाहीत, तोही खर्च धरा.

सर्व्हरमधून काढलेलं जुनं कार्ड लावल्यावर घरगुती बोर्ड सुरूच होत नसेल, तर ते लगेच मेलं असं समजू नका. कार्डाच्या चिप असलेल्या बाजूला, ब्रॅकेटकडून मोजत पाचवी आणि सहावी सोनेरी पट्टी (बी५, बी६) कॅप्टॉन टेपच्या (वीज न वाहू देणारी पातळ टेप) बारीक तुकड्याने झाका. एसएमबसची (बोर्डावरच्या देखरेखीच्या जोडणीची) ही जोडी काही बोर्डांशी भांडते. डेटाच्या लेनशी तिचा संबंध नाही.

वीज आणि शेवटची तपासणी

फिरायला सुरुवात करताना एक ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. साटा पॉवरच्या एका कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता आहे ४.५ अँपिअर. म्हणजे एकाचे चार करणारा स्प्लिटर सुरू होताक्षणीच क्षमतेबाहेर जातो. एका कनेक्टरवर दोन डिस्क, पुढे नाही. जुन्या चार पिनांच्या मोलेक्समधून साटा काढणारे, प्लॅस्टिक ओतून बंद केलेले अडॅप्टर वापरू नका. आत तारा सरकून शॉर्ट होतात आणि पेट घेतात.

सगळं जोडल्यावर लिनक्समध्ये एलएसपीसीआय (lspci) या आज्ञेने सविस्तर तपशील काढून कार्डाच्या ‘लिंक स्टेटस’मध्ये रुंदी आणि वेग पाहा. एक्स८ च्या कार्डासमोर एक्स१ दिसलं तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा स्लॉट चुकलाय. मग डेटा टाकण्याआधी सगळ्या डिस्क एकदम शेवटपर्यंत वाचायला लावा आणि स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी (केबलवरून येता-जाता झालेल्या चुकांचा) आकडा आधी आणि नंतर टिपा. तो वाढत असेल तर डिस्क बदलू नका, केबल बदला. आकडा पुन्हा शून्यावर येत नसतो. नव्या केबलवर तो जिथल्या तिथे थांबला की काम झालं.