म्हातारपणातलं डिप्रेशन : घरच्यांनी या चुका टाळा

"वय झालं की असं होतंच" हे आधी डोक्यातून काढा. कशातच मन नाही, जेवण कमी, पहाटे तीनला जाग येते आणि परत डोळा लागत नाही, असं दोन आठवडे रोज चाललं तर ते वय नाही, डिप्रेशन असू शकतं. आपली माणसं "उदास वाटतंय" असं सांगत पण नाहीत, गॅस झालाय, पाठ धरली, अंगात त्राण नाही एवढंच सांगतात.

सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी होते. "आई, आता तुम्ही काही करू नका, आराम करा." भाजी निवडणं, दूध आणणं, नातवाला शाळेत सोडणं सगळं काढून घेतलं की मग दिवस जायचा कसा, टीव्हीसमोर बसणं वाढतं, दुपारी दोन-दोन तास झोप, मग रात्री झोप नाही, मग झोपेची गोळी. ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणून वर्षानुवर्षं देऊ नका, सवय लागते, तोल जाऊन पडायची भीती वाढते. चालू असेल तर एकदम बंद पण नको, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

झोपेसाठी रोजचा पेग पण चुकीचाच, झोप लागते पण मध्येच मोडते आणि मन अजून खचतं. मिश्री-तंबाखूचं तेच, "या वयात कशाला सोडायला लावायचं" म्हणून गप्प बसू नका.

आणि प्लीज, "चालायला जात नाही म्हणून असं होतंय" असं बोलून दाखवू नका. चालणं सुटलं की मन खचतं हे खरं, पण मन खचलं की पाय पण उचलत नाही, दोन्ही बाजूंनी होतं. आठवड्याला 150 मिनिटं चाला असं डब्ल्यूएचओ सांगते, पण सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि सोबत जा. कट्टा किंवा भजनी मंडळ अचानक सुटलं असेल तर कान तपासा, ऐकू येत नाही म्हणून पण माणसं जायची बंद होतात.

व्हिटॅमिन बी12 कमी पडलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असंच वाटू शकतं, म्हणून दोन्ही तपासून घ्या, शाकाहारी असतील किंवा डायबेटिसची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी12 नक्कीच. डिप्रेशनच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात, आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नका.

"आता जगून काय करायचं" हे बोलणं हसण्यावारी नेऊ नका, जीव द्यायचा विचार येतो का असं सरळ विचारा, एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फ्री आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं.