फवारणीआधी वारं कसं बघायचं

निफाडला आमची द्राक्षबाग आहे. ब्लोअर सुरू करण्याआधी मी चिमूटभर बारीक माती घेऊन खांद्याच्या उंचीवरून सोडतो. ती किंचित तिरकी पडली तर फवारायचं. बांधावरच्या लिंबाची पानं नुसती सळसळली, तर वारं ताशी 6 ते 11 किलोमीटरच्या आसपास असतं, तोवर चालतं. बारीक फांद्या सारख्या हलायला लागल्या की टाकी झाकून ठेवा. एकदा मी घाई केली आणि निम्मं औषध शेजारच्या मेथीवर गेलं. काकांनी आठवडाभर तोंड फिरवलं होतं. मेथीच होती, पण चूक माझीच.

अगदी पडलेलं वारंही बरं नाही. पहाटे शेकोटीचा धूर वर न जाता बागेवर आडवा पसरला, तर जमिनीलगत थंड हवा साचलेली असते. बारीक थेंब त्यात तरंगत राहतात आणि भलतीकडे जातात. ऊन जरा वर येऊ द्या.

हिवाळ्यात उत्तरेचं वारं सुटलं की कडाका येणार हे धरून चाला. आभाळ निरभ्र आणि रात्री वारं पडलं, तर आणखी वाईट. त्या पहाटे मी ड्रिप सोडतो, विहिरीचं पाणी कोमट असतं.

धाकटा म्हणतो, बांधावर पवनचक्की लावू. वारं दुप्पट झालं तर ताकद आठपट होते, हे खरं. पण उलटं, निम्मं झालं तर आठवा हिस्साच उरतो. आधी वर्षभर मोज म्हटलं.